गाणारी मंडळी आणि ऐकणारी मंडळी

ख्रिस्ती मंडळींत गाण्यावरून वाद होणें ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे. स्कॉटलंडांत ऑर्गन प्रथम मंदिरांत आला तेव्हां त्यास नाकें मुरडणारे धर्मनिष्ठ लोक होते. आपल्याकडे टाळ, मृदंग व तबला उपासनेंत आले तेव्हां 'हीं तर देवळांतलीं वाद्यें' असें म्हणून कपाळास आठ्या घालणारेहि होते. सांप्रत त्या वाद्यांची जागा गिटार, ड्रम आणि रंगीत दिवे यांनीं घेतली आहे. तरुण ख्रिस्ती गायकांचे बँड गांवोगांव हिंडतात, सभागृहें भरवितात, तिकिटें विकतात, आणि आपल्या या उद्योगास 'सेवा' असें नांव देतात. हें नांव त्यास शोभतें कीं नाहीं, या प्रश्नाचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता तर शाळेच्या वार्षिकांत त्यासाठीं जागा अडविण्याचें कारण नव्हतें. एकास भैरवी रुचते, दुसऱ्यास मारवा. त्यांत भांडण कसलें? परंतु येथें दोन्ही बाजूंनीं खरें नुकसान संभवतें. जो पालक आपल्या मुलाच्या हातांतली गिटार हिसकावून घेतो आणि 'हा धर्म नव्हे' असें त्यास बजावतो, तो पुष्कळदां गिटारीबरोबर त्या मुलाचें मंदिरहि हिसकावून घेतो. मुलगा गिटार पुन्हा मिळवितो, मंदिराकडे मात्र फिरकत नाहीं. उलटपक्षीं, दिव्यांच्या झगमगाटांत व हजारों कंठांच्या गजरांत डोळ्यांस आलेलें पाणी हीच भक्ति, असें ज्या मुलास वाटूं लागतें, त्यास घरीं आल्यावर आजारी आजीच्या उशाशीं बसण्यांत कोणतीच भक्ति दिसत नाहीं. पहिलें नुकसान पालकांच्या हातून होतें, दुसरें गायकांच्या हातून. म्हणून दोघांशींहि स्पष्ट बोलणें अवश्य आहे.

प्रथम आक्षेपकांचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडूं. ते म्हणतात, एक तर या चाली बाजारांतल्या. ज्या चालीवर जग नाचतें तिच्यावर देवाची स्तुति कशी करावी? दुसरें असें कीं, येथें उपासक नाहींत, प्रेक्षक आहेत; टाळ्या देवास मिळत नाहींत, गवयास मिळतात. तिसरें, जेथें तिकीट आहे तेथें धंदा आहे. आणि चौथें, गाणें संपलें, बँड दुसऱ्या गांवीं गेला, मग मागें काय उरलें? यांपैकीं पहिला आक्षेप आम्हांस लंगडा वाटतो. उरलेले तीन मात्र वजनदार आहेत, आणि त्यांचें उत्तर गिटार वाजवून देतां येणार नाहीं.

पहिल्या आक्षेपाचें उत्तर इतिहासानें केव्हांच देऊन ठेविलें आहे. विल्यम बूथ व त्यांची पत्नी कॅथरिन यांनीं १८६५ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील दरिद्री वस्तींत जें कार्य आरंभिलें, त्यास १८७८ सालीं 'सॅल्व्हेशन आर्मी' हें नांव मिळालें. आपल्याकडे तिला मुक्तिफौज म्हणतात. त्याच सालीं इंग्लंडांतील सॉल्झबरी शहरीं चार्ल्स फ्राय नांवाचे एक बांधकाम करणारे गृहस्थ व त्यांचे तीन पुत्र यांनीं रस्त्यावर प्रवचन करणाऱ्यांच्या मदतीस आपलीं पितळी वाद्यें आणलीं. गुंड लोक प्रवचनकारांवर चालून येत. वाद्यांच्या आवाजांत त्यांचा आरडाओरडा दडपून जाई आणि ऐकणारे लोकहि गोळा होत. मुक्तिफौजेचा प्रसिद्ध बँड जन्मास आला तो असा. पुढें या मंडळींनीं करमणुकीच्या थिएटरांतल्या गाण्यांच्या चालीहि उचलल्या. 'शॅम्पेन चार्ली' नांवाच्या एका दारूबाज गाण्याच्या चालीवर तारणाचें गीत म्हटलें गेलें. चांगल्या चाली सैतानाच्या ताब्यांत कां राहूं द्याव्या, अशा अर्थाचें एक वचन बूथसाहेबांच्या नांवावर सांगतात. तें मूळ कोणाचें याबद्दल मतभेद आहे. परंतु त्यांच्या वर्तनांत तें पुरतेपणीं उतरलें होतें यांत संशय नाहीं. गुत्त्यांत बसणाऱ्या माणसास मंदिरांतलें संथ स्तोत्र ठाऊक नव्हतें. ही चाल मात्र त्याच्या ओठांवर होती. त्या ओळखीच्या दारानें त्याच्या घरांत शिरावें, एवढाच या लोकांचा हेतु.

या गोष्टीचा आपल्या मुंबईशींहि संबंध आहे. हिंदुस्थानांतली मोठ्या मानाची सनदी नोकरी सोडून मुक्तिफौजेंत गेलेले फ्रेडरिक टकर हे एका स्त्रीसह चौघांची तुकडी घेऊन सप्टेंबर १८८२ मध्यें मुंबईस उतरले. त्यांनीं देशी वस्त्रें धारण केलीं, अनवाणी चालूं लागले. टकर यांनीं तर फकीरसिंग असें नांवहि घेतलें. वाद्यें वाजवीत रस्त्यांतून मिरवणूक काढणें हा त्यांचा परिपाठ. त्यावरून पोलिसांनीं त्यांस पकडलें, दंड झाले, पुढें तुरुंगहि घडला. पितळी कर्णे वाजवीत चालणाऱ्या चार माणसांची एवढ्या मोठ्या सरकारास धास्ती वाटावी, यावरून गाण्याचें बळ काय आहे तें उघड होतें. तीं माणसें घरांत दार लावून गात बसलीं असतीं तर त्यांस कोणी हात लाविला नसता.

आतां ज्यास आजच्या भाषेंत 'पॉप बँड' म्हणतां येईल अशा एका मंडळाची हकीकत सांगतों. १९६३ सालीं फ्रेडरिक कूट्स हे मुक्तिफौजेचे जनरल निवडले गेले. तरुणांपर्यंत तुम्ही कसे पोहोंचणार, असा विषय वर्तमानपत्रकारांपुढें निघाला असतां, तरुण जेथें बसतात त्या कॉफीगृहांत आम्हीं गिटार घेऊन जावयास हवें, अशा आशयाचें ते बोलून गेले. वर्तमानपत्रांस तेवढें पुरे होतें. बोललेलें करून दाखविण्याची पाळी मुक्तिफौजेवर आली. लंडनमधील डेन्मार्क हिल येथें अधिकारी तयार करण्याचें त्यांचें महाविद्यालय होतें. तेथील कॅप्टन जॉय वेब या संगीत जाणणाऱ्या बाईंनीं कांहीं तरुण उमेदवारांस हाताशीं धरून एक मंडळ उभें केलें. त्याचें नांव 'जॉयस्ट्रिंग्ज'. दूरचित्रवाणीवर तें झळकलें, आणि १९६४ च्या आरंभीं 'इट्स ॲन ओपन सीक्रेट' ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघून ब्रिटनमधील खपाच्या यादींत ३२ व्या क्रमांकापर्यंत चढली. हें तेंच वर्ष, ज्या वर्षीं बीटल्स मंडळींनीं अर्धें जग वेडें करून सोडलें होतें. अशा बाजारांत गणवेश घातलेल्या धर्मसेवकांचें गाणें लोकांनीं पैसे देऊन विकत घ्यावें, ही लहानसान गोष्ट नव्हे.

या मंडळाविषयींच्या दोन गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत घ्याव्या अशी आमची इच्छा आहे. पहिली ही कीं, त्यांनीं गणवेश उतरविला नाहीं. कॉफीगृहांत, नाट्यगृहांत, क्लबांत, जेथें जेथें ते गेले तेथें तेथें आपण कोण आहों हें त्यांच्या अंगावर लिहिलेलें होतें. चाल त्यांनीं ऐकणाऱ्याची घेतली. ओळख मात्र स्वतःचीच ठेविली. दुसरी गोष्ट ही कीं, खुद्द मुक्तिफौजेंतल्या कित्येक जुन्या सैनिकांस हा प्रकार मुळींच रुचला नाहीं. ज्या फौजेनें एके काळीं थिएटरांतल्या चाली उचलल्या होत्या, तिच्याच नातवंडांनीं गिटार उचललेली आजोबांस खपेना! यावरून वाचकांनीं एवढेंच समजावें कीं, नवें वाद्य कांहीं वर्षांनीं जुनें होतें आणि मग तेंच पवित्र वाटूं लागतें. आज ज्या ऑर्गनच्या नांवानें आपण गिटारीस नांवें ठेवितों, तो ऑर्गनहि एके काळीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा होता.

पहिल्या आक्षेपाचा असा निकाल लागल्यावर आपण दुसऱ्याकडे वळूं. ऐकणारे उपासक कीं प्रेक्षक? येथें आम्ही आक्षेपकांच्या बाजूस झुकतों. मंदिरांतल्या गाण्याचें वैशिष्ट्य हें कीं तेथें बेसूर म्हातारीसहि गाण्याचा हक्क असतो. तिचा आवाज फुटका असला तरी तिच्यावांचून गाणें पुरें होत नाहीं. बँडच्या कार्यक्रमांत ती म्हातारी बसेल, पण तिच्या आवाजाची तेथें गरज नाहीं. ध्वनिवर्धकांपुढें तिचें तिलाच ऐकूं येणार नाहीं. जो बँड आपल्या श्रोत्यांस केवळ ऐकावयास शिकवितो तो करमणूक करतो. करमणूक वाईट नव्हे. निर्मळ करमणूक दुर्मिळ आहे आणि तिचे आभारच मानले पाहिजेत. परंतु तिला करमणूकच म्हणावें. जो बँड श्रोत्यांच्या तोंडीं गाणें देऊन जातो, असें कीं तें दुसऱ्या दिवशीं भांडीं घासतांना, सायकल हांकतांना, दुखणाइताजवळ बसतांना त्यांस म्हणतां यावें, त्याच्या कामास सेवा हें नांव द्यावयास आमची हरकत नाहीं. म्हणून बँड कसा गातो यापेक्षां तो गेल्यावर गांव काय गातें, हें पाहावें.

तिसरा आक्षेप पैशाचा. याविषयीं आम्हांस अमेरिकेंतील एका विद्यार्थि-मंडळाची गोष्ट सांगावयाची आहे. ती आमच्या शाळेंतल्या प्रत्येक मुलामुलीस ठाऊक असावी असें आम्हांस वाटतें. टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं १८६६ सालीं, गुलामगिरींतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठीं, अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या साह्यानें फिस्क शाळा उघडली. तीच पुढें फिस्क विद्यापीठ झाली. पांच वर्षांत संस्था कर्जानें बुडण्याच्या बेतास आली. तेव्हां तिचे खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनीं नऊ विद्यार्थी बरोबर घेतले आणि ता. ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं ते गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. त्या नवांपैकीं बहुतेकांनीं गुलामगिरी स्वतः भोगलेली होती. पियानो वाजविणारी एला शेपर्ड हिला तर तिच्या बापानें पैसे मोजून मोकळें केलें होतें.

दौऱ्याच्या आरंभींच शिकागो शहर आगींत भस्म झाल्याची वार्ता आली. या मंडळाजवळ स्वतःच्या पुढल्या मुक्कामाचा खर्च नव्हता. तरी सिनसिनाटी येथील कार्यक्रमाचें पन्नास डॉलरांच्या आंतबाहेरचें उत्पन्न त्यांनीं शिकागोच्या आपद्ग्रस्तांस देऊन टाकलें. पुढें वाटेंत खाणावळींनीं त्यांस काळे म्हणून दारांतून परत लाविलें, लोकांनीं त्यांची थट्टा केली. आरंभीं तीं मुलें गोऱ्या लोकांस आवडतील अशीं गाणीं म्हणत. आपल्या आईबापांनीं गुलामगिरींत, मालकाच्या कानाआड, दबक्या आवाजांत गाइलेलीं भक्तिगीतें चारचौघांत म्हणावयास तीं संकोचत. तीं गाणीं त्यांस पवित्रहि वाटत आणि गतदुःखाची आठवणहि करून देत. परंतु हीं गाणीं जेव्हां त्यांनीं म्हटलीं तेव्हां सभागृहें स्तब्ध झालीं. लेवीय पुस्तकांत पन्नासाव्या वर्षीं दास मोकळे होत असल्याचें जें योबेल वर्ष सांगितलें आहे, त्यावरून व्हाइट यांनीं मंडळास 'ज्युबिली सिंगर्स' हें नांव दिलें. १८७२ सालीं अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढें व १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीपुढें त्यांनीं गायन केलें. पहिल्या दौऱ्यांत सुमारें २०,००० डॉलर व इंग्लंडच्या दौऱ्यांत जवळजवळ ५०,००० डॉलर जमले. त्यांतून संस्था वांचली आणि 'ज्युबिली हॉल' ही भव्य इमारत उभी राहिली. १८७६ च्या पहिल्या दिवशीं तिचें समर्पण झालें, आणि ती आजहि उभी आहे.

तिकीट म्हणजे पाप, असें म्हणणाऱ्यांस ही गोष्ट दाखवावी. तिकीट फिस्कच्या मुलांनींहि लाविलें होतें. प्रश्न तिकिटाचा नाहीं, तिकिटाच्या पैशाच्या वाटेचा आहे. तो पैसा कोठून आला व कोठें गेला हें चारचौघांत सांगतां आलें पाहिजे. अलीकडचें एक उदाहरण देतों. २००८ सालीं इंग्लंडांतील 'डिलिरियस' या बँडचे प्रमुख गायक मार्टिन स्मिथ यांच्या पुढाकारानें बारा नामांकित ख्रिस्ती गीतकार स्कॉटलंडांत एकत्र जमले, त्यांनीं मिळून गाणीं रचलीं, आणि त्या गाण्यांचें सर्व मानधन दरिद्री लोकांच्या साह्यास लावण्याचें ठरविलें. या उपक्रमास 'कम्पॅशनआर्ट' असें नांव आहे. अशा रीतीनें हिशेब मांडणाऱ्यास 'तूं धंदा करतोस' असें कोण म्हणेल? परंतु जेथें हिशेब विचारतांच 'आम्ही देवाचें काम करतों' एवढेंच उत्तर मिळतें, तेथें पालकांनीं खिशांत हात घालूं नये. देवाच्या नांवावर माणसाचा हिशेब बुडवितां येत नाहीं.

फिस्कच्या गोष्टीस एक दुसरी बाजू आहे, आणि ती आम्ही शिक्षक या नात्यानें झांकून ठेवूं शकत नाहीं. सात वर्षें तीं मुलें जवळजवळ अखंड फिरत होतीं. थंडी, प्रवास, रोजचें गाणें, अपमान, अपुरी झोंप, यांनीं कित्येकांची प्रकृति ढांसळली. व्हाइट स्वतःहि खंगले. कित्येकांचा अभ्यास मध्येंच राहिला. ज्या विद्यापीठाच्या रक्षणासाठीं तीं गाइलीं, त्याच्या वर्गांत बसावयास त्यांस सवड मिळाली नाहीं. शेवटीं १८७८ सालीं तें मंडळ विसर्जित करणें भाग पडलें. त्यांच्या त्यागापुढें आम्ही मस्तक लववितों. परंतु त्या त्यागाचें नांव पुढें करून आज कोणी कोवळ्या मुलांस रात्रीमागून रात्र रंगमंचावर उभें करील आणि 'ही सेवा आहे, तक्रार करूं नका' असें म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. फिस्कपुढें मरण उभें होतें. आमच्यापुढें बहुधा एखाद्या नव्या ध्वनियंत्राचा खर्च उभा असतो. सेवेच्या नांवाखालीं सेवकासच जाळून टाकावें, अशी ख्रिस्ताची शिकवण नव्हे. त्यानें आपल्या थकलेल्या शिष्यांस एकांतीं जाऊन विसांवा घ्यावयास सांगितलें होतें, हें आम्हीं विसरतां कामा नये.

चौथा आक्षेप सर्वांत जड: बँड गेल्यावर काय? मुक्तिफौजेच्या गाण्याचें सामर्थ्य केवळ गाण्यांत नव्हतें. कर्णा वाजला, मनुष्य थांबला, रडला. आणि रडणें ओसरल्यावर त्याच गल्लींत त्याच लोकांचें सभागृह होतें, भुकेल्यास अन्न होतें, दारू सोडूं पाहणाऱ्याच्या पाठीशीं उभें राहणारें माणूस होतें. बँड दार ठोठावी. आंतलें घर आधींच बांधलेलें असे. आजच्या दौऱ्यांस आम्ही हाच प्रश्न विचारतों. तुमच्या गाण्यानें हेलावलेला सोळा वर्षांचा मुलगा सोमवारीं सकाळीं कोणापाशीं जाईल? त्याच्या गांवच्या मंडळीस तुम्हीं आधीं भेटलां होतां काय? कीं त्याच्याजवळ तुमचें छायाचित्र आणि फोनवर तुमचीं गाणीं, एवढेंच उरणार?

ज्यांनीं हा प्रश्न मनावर घेतला असेहि बँड आहेत. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत 'कास्टिंग क्राउन्स' नांवाचा एक बँड आहे. त्याचे प्रमुख गायक मार्क हॉल हे एका मंडळींत तरुणांचे पाळक म्हणून काम करीत आले. २००३ सालीं पहिली गीतमाला निघून बँडची कीर्ति देशभर पसरली, तरी आरंभींच्या वर्षांत त्यांनीं दौरे आठवड्याच्या उत्तरार्धांत ठेविले, कीं जेणेंकरून रविवारीं आपल्या मंडळींत परत येतां यावें. यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. शनिवारीं ज्यास हजारों लोक टाळ्या देतात, त्यास रविवारीं ज्या मुलांस त्याचे गुणदोष ठाऊक आहेत अशा मुलांपुढें बसावें लागतें. कीर्तीवर याहून चांगला उतारा नाहीं. जॉयस्ट्रिंग्जवाल्यांसहि वरिष्ठांची आज्ञा होती. १९६९ सालीं तें मंडळ बंद झालें, आणि जॉय वेब पुढेंहि मुक्तिफौजेच्याच सेवेंत राहिल्या. जो बँड कोणासच उत्तर देण्यास बांधलेला नाहीं, ज्यास कोणी 'आतां पुरे' असें सांगूं शकत नाहीं, त्यापासून आमच्या मुलांनीं चार पावलें दूर राहावें.

आतां आमच्या विद्यार्थिमित्रांशीं दोन शब्द. तुमच्यापैकीं पुष्कळांस बँड काढण्याची हौस आहे. आम्ही तिला उत्तेजनच देऊं. परंतु जॉयस्ट्रिंग्ज वा फिस्क यांचें अनुकरण कशांत करावयाचें तें नीट समजून घ्या. लंडनच्या कॉफीगृहांतल्या मुलास गिटार ही घरची भाषा होती, म्हणून त्यांनीं गिटार घेतली. फिस्कच्या मुलांनीं परक्यांस आवडणारीं गाणीं बाजूस ठेवून आपल्या आईबापांचीं गाणीं म्हटलीं, तेव्हांच जग ऐकावयास थांबलें. मग आपल्या तालुक्याच्या गांवीं जाऊन, अमेरिकन उच्चार नाकांतून काढीत, श्रोत्यांस न कळणारें इंग्रजी गीत म्हणणें हें त्यांचें अनुकरण झालें काय? तें त्यांच्या नेमकें उलट झालें. पौलानें करिंथच्या मंडळीस पुष्कळ पूर्वीं समज दिली होती कीं, ऐकणाऱ्यास अर्थ न कळेल तर बोलण्यानें त्याचें कांहींच हित होत नाहीं. गाण्यासहि तोच नियम लागतो.

आपल्या घरांत या बाबतींत केवढी पुंजी आहे! अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती कीर्तनें रचलीं. पुढें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग व कीर्तन हे मराठी मनाचे राजमार्ग धरले. वारकऱ्याच्या कानीं जी चाल लहानपणापासून पडत आली, तिच्यांतूनच त्यांनीं ख्रिस्ताची गोष्ट सांगितली. त्यांचीं गीतें 'उपासना संगीता'च्या द्वारें आजहि आपल्या मंदिरांत दर रविवारीं म्हटलीं जातात. कीर्तनकार गांवोगांव हिंडे, चाली लोकांच्या घेई, ऐकणाऱ्यांस मध्येंच गावयास लावी, आणि गाण्याबरोबर निरूपणहि करी. हिंडणाऱ्या गायक-मंडळाकडून आपण जें जें मागतों तें सारें त्यांत होतें. तेव्हां, मुलांनो, गिटार जरूर घ्या, ड्रमहि घ्या. पण शब्द असे असूं द्या कीं शेतावरून परतलेल्या तुमच्या आजोबांस ते पहिल्याच वेळीं समजावे, आणि दुसऱ्या वेळीं त्यांनीं ते तुमच्याबरोबर म्हणावे.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. मुलांस कार्यक्रमास जाऊं द्यावें. शक्य असेल तेव्हां आपणहि बरोबर जावें. दारांत उभें राहून निषेध करणाऱ्यापेक्षां शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या बापाचें मत मुलगा अधिक मानतो. घरीं परततांना 'हा काय धिंगाणा' असें न म्हणतां चार साधे प्रश्न विचारावे. तुला यांतलें कोणतें गाणें म्हणतां येईल? जमलेला पैसा कोठें जाणार, हें कोणी सांगितलें काय? हे गाणारे आपल्या गांवीं कोणाचें ऐकतात? आणि उद्यां तूं या गाण्यामुळें काय निराळें करणार आहेस? या प्रश्नांचीं उत्तरें मुलाजवळ असतील तर त्या संध्याकाळचें तिकीट वायां गेलें नाहीं. नसतील, तर बंदी घालण्याचें कारणच उरत नाहीं. विचार करूं लागलेला मुलगा पुढच्या वेळीं स्वतःच निवड करील.

आमच्या मतें, फिरत्या बँडचें काम सेवा होऊं शकतें, आणि अनेकदां तें सेवा झालेलें आहे. परंतु तें नुसत्या नांवानें सेवा होत नाहीं. गाणें ऐकून जो उठला त्याच्या हातून दुसऱ्या दिवशीं कोणाचें तरी ओझें हलकें झालें पाहिजे. आमोस संदेष्ट्यानें आपल्या काळच्या उत्सवांतलें गाणें व वीणा ऐकून देव प्रसन्न होत नाहीं असें निक्षून सांगितलें, तें वीणा वाईट म्हणून नव्हे. वीणा वाजत असतां वेशींत गरिबाचा न्याय बुडत होता म्हणून. येत्या वर्षीं आमच्या शाळेंतलीं मुलेंमुली गातील, खुशाल मोठ्यानें गातील. गाणें झाल्यावर त्यांपैकीं चौघेजण जरी वाद्यें आवरून जवळच्या रुग्णालयांत, ज्या खाटेपाशीं कोणी येत नाहीं तेथें जाऊन, त्या माणसाच्या आवडीचें एखादें गीत हळू आवाजांत म्हणतील, तरी त्यांच्या गाण्यास कोणतें नांव द्यावें, याविषयीं आम्हांस कोणाशींहि वाद घालावा लागणार नाहीं.